सहावं नाव

शिजलेल्या मेंढीचं डोकं आज कुणापुढे ठेवायचं, हा प्रश्न कासिमालींना सकाळपासून छळत होता. रीतीनं पाहिलं तर मान पाहुण्यांचा, म्हणजे व्याही होऊ घातलेल्या तोक्तोसुनचा. पण घरात माजी पंतप्रधान बसलेला असताना, असं मनात आलं की कासिमालींना स्वतःचंच हसू यायचं. आणि हसून झालं तरी डोकं आपल्यापुढेच यावं असं वाटायचंच.

त्यांची अख्खी कारकीर्द हाडांत मोजता आली असती. सामूहिक शेतीवर जनावरांचे डॉक्टर होते तेव्हा त्यांच्या पुढ्यात मणका यायचा, तोही मानेकडचा. तालुक्याला पक्षाचे चिटणीस झाले आणि बरगड्या आल्या. मग एका ऑगस्टात पक्षच नाहीसा झाला. कासिमाली रातोरात लोकशाहीवादी झाले. पक्षाचं कार्ड मात्र फाडलं नाही, न जाणो म्हणून गादीखाली ठेवलं. मंत्री झाल्यावर कमरेचं हाड मिळू लागलं आणि पंतप्रधान झाल्यावर डोकं. अकरा महिने देशात जिथे जातील तिथे मेंढीचं डोकं त्यांच्याकडे बघत बसलेलं असायचं. मग एका दुपारी चौकात लोक जमले, त्यांच्या नावानं शंख करू लागले, आणि कासिमाली मागच्या दारानं बाहेर पडले ते घाईघाईत दारवानाचा कोट घालून. तो कोट अजून खुंटीला होता. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात त्यांच्या पुढ्यात पुन्हा मणका आला. वाढणाऱ्याचा तरी काय दोष, बातम्या सगळेच ऐकतात.

"कासिम, डोक्याचा विचार करतोयस ना?" उमसुनाय अक्कानं विचारलं. थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या तोंडात दात चार उरले होते आणि ती चारही धाकट्या भावावर धार लावत बसायची.

"मी नातीचा विचार करतोय."

"हो, हो. म्हणून पातेल्याकडे बघतोयस."

नातीचाही विचार होताच. एर्मेक, त्यांचा मुलगा, बायकोसह राजधानीत राजकारण करत राहिला आणि चिनारा आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढली. चोवीस वर्षांची झाली, जनावरांची डॉक्टर झाली. घराण्यातला एकच धंदा असा होता ज्यात कासिमालींनी कुणाचं नुकसान केलं नव्हतं, आणि पोरीनं नेमका तोच उचलला. या गोष्टीचा त्यांना आपल्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त अभिमान होता. तिनं स्वतः पसंत केलेला एल्दियार खिंडीपलीकडच्या खोऱ्यातला, पूल बांधणारा इंजिनियर. आज त्याच्या घरचे कानात घालायला आले होते. मुलाच्या आईनं मुलीच्या कानात डूल घातले की मुलगी त्यांची झाली. मग लग्नाला वर्ष लागो नाहीतर महिना.

दिवाणखान्यात जमिनीवर लांबच लांब दस्तरखान अंथरलं होतं. तळलेल्या बोरसोकचे, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचे ढीग, जर्दाळूचा मुरंबा, लोणी, काचेच्या वाट्यांत रंगीत कागदातल्या गोळ्या. एल्दियारची आई कालिपा डुलांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. एर्मेक पाहुण्यांना घोडीच्या दुधाचा आंबूस कुमिस ओतून देत होता आणि दर पेल्यामागे निवडणुकीचं एकेक वाक्य सोडत होता. महिन्याभरात मतदान होतं. गावाच्या वेशीवर तीनाय सरदाराचा घोड्यावर बसलेला पुतळा होता आणि एर्मेकच्या प्रत्येक पोस्टरवर तो पुतळा होता, खाली अक्षरं: 'तीनायचं रक्त'.

"आता डूल घालायचे," तोक्तोसुन म्हणाले. एल्दियारचे आजोबा, उंच, वाळलेला म्हातारा. कल्पाक टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली. "पण आधी पोरांनी सात बाप सांगावेत. आजकाल शहरात कुणी विचारत नाही. मी जुना माणूस आहे, मला ऐकायला आवडतं."

यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. सात पिढ्यांत एक जरी बाप सामायिक निघाला तर ती भावकी, आणि भावकीत सोयरीक होत नाही. सात बाप ज्याला ठाऊक नाहीत त्याला गुलाम म्हणतात, असं म्हातारे अजून म्हणायचे.

चिनारा ताठ बसली. ही नावं तिला झोपेतही येत होती. सहा वर्षांची असताना, आजोबांच्या शपथविधीच्या दिवशी, तिनं ती टीव्हीवर म्हणून दाखवली होती आणि सगळा देश कौतुकानं पाघळला होता.

"एर्मेक, कासिमाली, दुइशे, बायसेइत, बोतोबाय, तीनाय सरदार, एशिम."

"शाब्बास," तोक्तोसुन म्हणाले. "एल्दियार, तू."

एल्दियारचा चेहरा पांढरा पडला होता. पोस्टरवरच्या तीनायला तो आजवर नुसती निवडणुकीची घोषणा समजत आला होता. त्यानं चिनाराकडे पाहिलं, मग आपल्या आजोबांकडे.

"सांग की. विसरलास?"

"रिस्बेक," तो हळू म्हणाला. "तोक्तोसुन. जुमाश. अकमात. नारबोतो." तो थांबला. "तीनाय सरदार. एशिम."

कुमिस ओतणाऱ्या एर्मेकचा हात थांबला. कालिपाच्या मांडीवरची डबी खटकन मिटली.

कासिमालींना काय वाटलं ते सांगायला हवं, कारण ते त्यांनी पुढे स्वतःच पुष्कळांना सांगितलं. त्यांना वाटलं: अरेच्चा! एवढंच. मुलाचं कूळ त्यांनी विचारलंच नव्हतं, कारण विचारायची गरजच वाटली नव्हती. नातीचा सहावा बाप तीनाय सरदार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते इतकं पक्कं ठाऊक होतं की आपण जगाला उलटं सांगून ठेवलंय हेच ते विसरले होते. खोटं बोलून विसरणारे नेते त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण खरं आठवत राहिल्यामुळे आपलंच खोटं विसरणारा नेता या देशात एकच झाला असावा.

"मांस शिजायला वेळ आहे ना?" तोक्तोसुन शांतपणे उठले. "आम्ही जरा तुमचे घोडे बघून येतो. मांस शिजलं की हाक मारा. जेवून निघू. जेवणाशी वैर नाही."

"डूल?" कालिपानं विचारलं.

"डबी खिशात ठेव, सूनबाई."

पाहुणे अंगणात गेले. घरचे स्वयंपाकघरात शिरले, आणि दार लावून घेतल्याबरोबर एर्मेक भडकला.

"कुणी विचारलं नाही? सहा महिने घरात ही गोष्ट चाललीय, आणि मुलाचे सात बाप कोण हे एकानंही विचारलं नाही?"

"तू विचारायचंस," उमसुनाय म्हणाली. "बाप तू आहेस."

"मी प्रचारात होतो, आत्या!"

"तो पण प्रचारातच होता," तिनं कासिमालींकडे हनुवटी केली. "सत्तर वर्षं."

चिनारा चुलीजवळ उभी होती. पातेल्यातलं पाणी रटरटत होतं. "आजोबा," ती म्हणाली, "मी आणि एल्दियार खरंच भाऊबंद आहोत का?"

कासिमालींनी घसा साफ केला. संसदेत उत्तर टाळायचं असलं की ते असाच घसा साफ करायचे, आणि विरोधी बाकांवरून लोक मोठ्यानं खोकायचे. आता उमसुनाय खोकली.

"तसं पाहता," ते म्हणाले, "या बाबतीत वेगवेगळी मतं आहेत."

"कासिम!"

"नाही," ते म्हणाले. "नाही आहात."

मग एर्मेकनं आणि चिनारानं जे ऐकलं ते उमसुनायनं सांगितलं, कारण कासिमालींना ते सरळ सांगता येईना. सहावा बाप तीनाय नव्हेच. सहावा बाप चुकुर, तीनाय सरदाराचा मोतद्दार. एकदा सरदाराचा लाडका घोडा लंगडला. सरदारानं चुकुरच्या पाठीवर चाबूक मोडला. चुकुर त्याच पहाटे सरदाराची सर्वांत चांगली बदामी घोडी घेऊन खिंड ओलांडून इकडे आला. हे अख्खं गाव त्या एका माणसाच्या वंशातलं. "त्या घोडीच्या दुधावर बोतोबाय वाढला," उमसुनाय म्हणाली. "आमचा बाप दुइशे ही गोष्ट दर हिवाळ्यात सांगायचा. चाबकाचा आवाज काढायचा तोंडानं. कासिम तेव्हा घाबरून माझ्या मागे लपायचा."

"मग पुस्तकात तीनाय कसा आला?" चिनारानं विचारलं.

पुस्तक म्हणजे 'माझा देश, माझा मार्ग', सहाशे चाळीस पानं. गावातल्या प्रत्येक घरात एक प्रत होती आणि बहुतेक घरांत ती खिडकीला टेकू म्हणून वापरात होती.

कासिमालींनी कबुली दिली. शपथविधीच्या आधी इतिहासाचे एक प्राध्यापक आले होते. म्हणाले, साहेब, देशाच्या नेत्याला पूर्वज लागतो. कासिमालींनी चुकुरचं नाव सांगितलं. प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं, चहा प्यायले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, त्याच खोऱ्यातल्या तीनाय सरदारांचा विचार करता येईल.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही म्हणालोच नाही, पोरी. मी फक्त 'बघा बुवा' म्हणालो."

त्या दोन शब्दांवर त्यांनी अकरा महिने राज्य केलं होतं. धरणाचा प्रस्ताव आला, बघा बुवा. पगारवाढ मागायला शिक्षक आले, बघा बुवा. पाहणारे पाहत गेले; प्राध्यापकांनी वंशावळ पाहिली, चाहत्यांनी वर्गणी काढून पुतळा पाहिला. शिल्पकारापुढे तीनाय सरदाराचं चित्र नव्हतं, म्हणून त्यानं पंतप्रधानांच्या फोटोवरून चेहरा घेतला. आता वेशीवर कासिमालींचं नाक घोड्यावर बसून खिंडीकडे बघत होतं.

"बरं झालं!" एर्मेकचा चेहरा उजळला. "म्हणजे अडचण खरी नाहीच, नुसती कागदावरची आहे. कागदावरची अडचण कागदावरच सोडवू. थांबा, मी प्राध्यापकांना फोन लावतो."

तो कोपऱ्यात जाऊन बोलला आणि हसत परतला.

"होतंय. बोतोबाय आणि तीनाय यांच्यामध्ये दोन नावं घालतो म्हणतात. जुन्या हस्तलिखितात नव्यानं सापडली. मग आपल्याकडून तीनाय आठवा होतो. आठवा चालतो!"

"दोन माणसं नव्यानं जन्माला घालायची?" चिनारा म्हणाली. "मग त्यांना बायकाही बघाव्या लागतील."

"थट्टा नको. तुझ्याचसाठी चाललंय."

"चौथऱ्याच्या दगडावर सालं कोरलीत," कासिमाली पुटपुटले.

"दगड बदलू, बाबा!"

"दगड बदला, बाप बदला," उमसुनायनं झारा आपटला. "मेल्यांनो, चुकुरनं घोडी पळवली, पण बाप नाही कुणाचा पळवला."

"आत्या, तुम्हाला मतांचं काय कळतंय? 'तीनायचं रक्त' म्हणून वीस हजार पोस्टर लागलीत. आता काय लिहू, 'घोडीचोराचं रक्त'? बाबा, तुम्ही बोला. एक नाव आयुष्यभर चाललं, आणखी दोन चालतील. चिनाराचं लग्न होतं, माझी निवडणूक होते, तुमचा पुतळा राहतो. कुणाचं काय जातं?"

खरंच, कुणाचं काय जात होतं? कासिमालींनी विचार केला आणि त्यांना आत कुठेतरी गोडही वाटलं. सगळ्यांचं भलं होत होतं आणि त्यांना स्वतःला काही करावं लागत नव्हतं. असा तोडगा त्यांना आयुष्यभर आवडत आला होता. ते दोन शब्द जिभेवर आलेच होते.

"आजोबा," चिनारा म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. "शपथविधीच्या आधी तुम्ही माझ्याकडून नावं पाठ करून घेत होतात, आठवतंय? बरोबर आलं की एक गोळी. एकदा मी सहावं नाव चुकुर म्हणाले होते. आत्याआजीकडून ऐकलं होतं, मला ती घोडीची गोष्ट फार आवडायची. तुम्ही म्हणालात, चूक. गोळी परत वाटीत टाकलीत."

कासिमालींना आठवत नव्हतं. हेच त्यांना फार लागलं.

"मला वाटलं, मीच चुकले. मग मी आत्याआजीला सांगितलं की तू खोटं बोलतेस."

उमसुनाय पातेल्यातला फेस काढत राहिली. इतकी वर्षं ही गोष्ट तिनंही भावाला सांगितली नव्हती. चौकातल्या लोकांनी कासिमालींना चोर म्हटलं होतं, लबाड म्हटलं होतं, वर्तमानपत्रांनी त्यांना पंतप्रधानपदाची रिकामी खुर्ची म्हटलं होतं. त्या सगळ्याला त्यांनी राजकारण म्हणून सोडून दिलं होतं. इथे स्वयंपाकघरात सोडून देण्याजोगं काही नव्हतं. त्यांना आपली लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत.

"मांस झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"वाढा. पाहुण्यांना हाक मारा."

"काय ठरलं, बाबा?" एर्मेकनं विचारलं.

"ठरवण्याचा मला अनुभव नाही," कासिमाली म्हणाले. "बसल्यावर बघू, तोंडातून काय निघतं."

पाहुणे परतले, हात धुऊन बसले. एर्मेकच्या बायकोनं मोठं ताट आणलं, वर ते डोकं. ती दाराशी अडखळली. सासऱ्याकडे जावं की पाहुण्याकडे, तिला कळेना. कासिमालींनी ताट तिच्या हातातून घेतलं, गुडघ्यांवर सरकत गेले आणि तोक्तोसुनपुढे ठेवलं.

"घ्या, व्याही."

"व्याही?" तोक्तोसुन म्हणाले. "आम्हाला तर भाऊ म्हणायला हवं."

कासिमाली उभे राहिले. आयुष्यभर हजारो भाषणं केली होती, त्यामुळे तोंड आपोआप सुरू झालं. "आदरणीय पाहुणेहो! आपल्या देशाच्या गुंतागुंतीच्या इतिहासात, एका विशिष्ट टप्प्यावर, वंशावळीच्या नोंदीत काही त्रुटी राहून गेल्याचं निदर्शनास आलं आहे..."

"कुणाच्या निदर्शनास?" उमसुनायनं विचारलं.

"...या त्रुटी परिस्थितीच्या रेट्यामुळे घडल्या..."

"कुणी केल्या?"

"अक्का, बोलू दे ना."

"बोल की. तू कुठे बोलतोयस? निवेदन वाचतोयस."

दस्तरखानाच्या टोकाला कुणीतरी हसू दाबलं. कासिमालींनी चिनाराकडे पाहिलं. ती गोळ्यांच्या वाटीकडे बघत होती. ते खाली बसले. उभं राहून खरं बोलायची त्यांना सवय नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तीनाय सरदार आमचा कुणी नाही. चिनाराचा सहावा बाप चुकुर. मोतद्दार होता, सरदारांच्या घोड्यांची लीद काढायचा. मला पंतप्रधान व्हायचं होतं आणि लीद काढणाऱ्याचा वंशज म्हणून व्हायची लाज वाटली. म्हणून तुमचा पूर्वज उचलला. विचारलंही नाही. वेशीवरच्या पुतळ्याचं नाकही माझंच आहे. आता माझ्या नातीच्या लग्नाआड मीच उभा आहे, तेव्हा म्हटलं, बाजूला व्हावं. मला पायउतार व्हायची सवय आहे. फक्त या वेळी पुढच्या दारानं होतोय."

एर्मेकनं डोळे मिटून घेतले. बोरसोकांच्या ढिगावर एक माशी बसली आणि उठली.

तोक्तोसुननी सुरी उचलली आणि डोकं आपल्याकडे वळवून घेतलं. घाई नव्हती.

"पुतळ्याचं उद्घाटन झालं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत उभा होतो," ते म्हणाले. "चादर निघाली आणि माझी म्हातारी मला म्हणाली, अहो, हा कोण? आमच्या घरात असलं नाक सात पिढ्यांत कुणाचं नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!" एर्मेक ओरडला.

"चुकुर आणि बदामी घोडी? पोरा, ती गोष्ट तुमच्याकडे जशी सांगतात तशी आमच्याकडेही सांगतात. आमच्याकडे चाबूक जरा बारीक असतो आणि घोडी जरा मोठी."

"मग आधीच का नाही बोललात?" कालिपानं सासऱ्याला विचारलं. तिलाही हे नवीन होतं. "पोरांचा जीव टांगणीला लावलात."

"मी बोललो असतो तर माझा शब्द एकीकडे आणि सहाशे चाळीस पानं एकीकडे. उद्या लोक म्हणाले असते, तोक्तोसुननं भावकीत नातू दिला. माझ्या घरात येणाऱ्या पोरीकडे उद्या कुणी बोट दाखवायला नको. हे ज्यानं बांधलं त्यानंच सोडायला हवं होतं." त्यांनी कासिमालींकडे पाहिलं. "अठरा वर्षं मला तुमचा राग होता. नाव उचललंत म्हणून नाही. एकदा येऊन मागितलं असतं तर कदाचित दिलंही असतं. आमच्याकडे पूर्वज पुष्कळ आहेत. पण तुम्ही साधे भेटायलाही आला नाहीत."

"आलो असतो," कासिमाली म्हणाले, "पण तिकडे मला डोकं वाढलं नसतं."

तोक्तोसुन हसले. पहिल्यांदा हसले, आणि सगळं दस्तरखान त्यांच्यामागून हसलं.

"आता कन्याशुल्काचं," हसू ओसरल्यावर ते म्हणाले आणि पुन्हा गंभीर झाले. "रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना एक घोडा द्यायचा. उमदा, बदामी असला तर उत्तम."

"द्यावाच लागेल," उमसुनाय म्हणाली. "रीत ती रीत."

"अक्का, तो तुम्हाला पोचलाय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी. आम्ही जरा आगाऊ दिला होता, एवढंच."

उमसुनायला हसताना ठसका लागला, तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. एर्मेकनंही डोळे उघडले. "पण माझी पोस्टर..." तो म्हणाला.

"एर्मेक," कासिमाली म्हणाले, "तुझ्या मतदारसंघात सरदारांचे वंशज किती आणि मोतद्दारांचे किती, ते एकदा मोज. मी कधी मोजलं नाही, म्हणून अकराच महिने टिकलो."

एर्मेकचे ओठ हलू लागले. तो मोजत होता.

तोक्तोसुननी तोवर मेंढीचा कान कापला. डोक्याचा मान ज्याला मिळतो तो कान कापून घरातल्या लहान मुलाला देतो, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकायला शिकतं. लहान मूल तिथे एकही नव्हतं. तोक्तोसुननी सगळीकडे पाहिलं आणि कान कासिमालींपुढे ठेवला.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मणका, बरगड्या, कंबर आणि डोकं या सगळ्यांतून जाऊन आल्यावर, कासिमालींना कान मिळाला. त्यांनी तो मीठ लावून खाल्ला. चिवट होता.

"आता डूल," कालिपा म्हणाली, आणि या वेळी तिनं कुणाला विचारलं नाही. ती चिनाराजवळ बसली. चिनारानं केस मागे घेतले. एल्दियार खिडकीबाहेर बघायला लागला, पण त्याचे डोळे भरलेले सगळ्यांना दिसले. चांदीचे डूल, लाल पोवळ्याचे, कालिपाच्या सासूच्या सासूचे.

"एक मिनिट," चिनारा म्हणाली. "मला सात बाप पुन्हा सांगायचेत."

ती पाहुण्यांकडे नाही, आजोबांकडे तोंड करून बसली. सहा वर्षांची असताना बसायची तशीच, हात मांडीवर ठेवून.

"एर्मेक, कासिमाली, दुइशे, बायसेइत, बोतोबाय." ती थांबली. उमसुनायनं डोक्याच्या रुमालानं तोंड पुसायचं सोडून दिलं. "चुकुर मोतद्दार. सातवा मला माहीत नाही."

"मलाही नाही," उमसुनाय म्हणाली. "घोडीला घाई होती, विचारायला वेळ नव्हता."

कालिपानं चिनाराच्या कानांत डूल घातले. कासिमालींचा हात गोळ्यांच्या वाटीकडे गेला. त्यांनी लाल कागदातली एक निवडली, चिनाराच्या हातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

चिनारानं गोळी सोलली आणि भरल्या दस्तरखानासमोर, कानात डूल असताना, तोंडात टाकली.

"बरोबर होतं ना?" तिनं फुगलेल्या गालानं विचारलं.

"बरोबर होतं," कासिमाली म्हणाले. "तेव्हाही."